व्हिटॅमिन सी, सर्दी आणि आपण पळणारी माणसं : नाशिकच्या ट्रॅकवर मला कायम विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या सुरू होतात आणि इकडे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे साडेपाचला अर्धी मंडळी नाक ओढत पळत असतात. मग कोणीतरी खिशातून नारिंगी गोळ्यांची पट्टी काढतो, "घे रे, चघळ, काही होत नाही," आणि पट्टी सगळ्यांच्या हातातून फिरते. मी काही डॉक्टर नाही, बरीच वर्षं लांब पळतोय आणि ग्रुपमधल्या नव्या लोकांचं ट्रेनिंग बघतो, पण या एका गोळीबद्दल मला इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलंय की मी यावरचे अभ्यास काढून नीट वाचले, ओळखीच्या डॉक्टरांशी बोललो, आणि आता सगळं एकदाच लिहून टाकतोय.

व्हिटॅमिन सी रोज घेतलं की सर्दी होत नाही, हे खरं आहे का?

सर्वसाधारण माणसासाठी नाही. ही समजूत एवढी पसरली ती लायनस पॉलिंग यांच्यामुळे. दोन नोबेल मिळालेला माणूस, १९७० मध्ये त्यांनी सर्दी आणि व्हिटॅमिन सीवर पुस्तकच लिहिलं, आणि एवढा मोठा शास्त्रज्ञ म्हणतोय म्हटल्यावर जगभर लोकांनी गोळ्या खायला सुरुवात केली. नंतर मात्र भरपूर चाचण्या झाल्या. २०१३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (कॉक्रेन म्हणजे एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून तपासणारी संस्था) हॅरी हेमिला आणि एलिझाबेथ चॉकर यांनी २९ चाचण्या, म्हणजे ११ हजारांवर माणसं, एकत्र करून बघितली. रोज २०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्या साध्या लोकांमध्ये सर्दी होण्याचं प्रमाण जेमतेम ३ टक्क्यांनी कमी दिसलं, म्हणजे नसल्यातच जमा. सर्दी झालीच तर ती मोठ्यांमध्ये साधारण ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के लवकर आटोपली. सात दिवसांच्या सर्दीत मोठ्या माणसाचा अर्धा दिवस वाचला असं धरा.

मग "व्यायाम करणाऱ्यांना उपयोग होतो" हे कुठून आलं?

त्याच रिव्ह्यूमधून, आणि माझ्या मते त्यातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग हाच आहे. त्या २९ पैकी ५ चाचण्या वेगळ्या होत्या, त्यातली माणसं अंगावर प्रचंड ताण घेत होती. तीन चाचण्या दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स रेसच्या पळणाऱ्यांवर, ही रेस जवळपास ९० किलोमीटरची असते, डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग. एक चाचणी स्वित्झर्लंडच्या बर्फात स्कीइंग शिकणाऱ्या मुलांवर, १९६१ ची. आणि एक कॅनडाच्या सैनिकांवर, जे उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत सराव करत होते. पाचही मिळून ५९८ माणसं, आणि या गटात व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. निम्म्यावर! साध्या लोकांत ३ टक्के आणि इथे ५० टक्के, त्यामुळे हे वाचल्यावर मी पण उठून बसलो होतो.

यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास १९९३ चा. कॉम्रेड्सच्या आधी तीन आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम दिलं, आणि रेसनंतरच्या दोन आठवड्यांत कोणाला सर्दी-घसा झाला ते मोजलं. डमी गोळीवाल्यांपैकी ६८ टक्क्यांना त्रास झाला, व्हिटॅमिन सीवाल्यांपैकी ३३ टक्क्यांना.

असं का होत असेल?

आपल्या पांढऱ्या पेशी रक्तातून व्हिटॅमिन सी ओढून स्वतःत साठवून ठेवतात, रक्तद्रवापेक्षा कितीतरी पट जास्त. तासन्तास पळालं की शरीरात ऑक्सिडेशनचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रासायनिक क्रियांचा मारा वाढतो, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, आणि त्यात गार कोरडी हवा तोंडाने ओढली की नाक-घशाचं अस्तर सुकतं. अशा वेळी साठा भरलेला असेल तर पेशी तग धरतात, असं मानतात. बहुतेक प्राणी हे व्हिटॅमिन स्वतःच्या शरीरातच बनवतात, माणसाला ते जमत नाही, रोज बाहेरूनच आणावं लागतं.

मी रोज ५ किलोमीटर पळतो आणि आठवड्यात तीनदा जिम. मी या "कडक व्यायाम"वाल्यांत येतो का?

नाही. राग मानू नका. तुमचा व्यायाम उत्तमच आहे, पण त्या अभ्यासांतली माणसं ९० किलोमीटर पळत होती किंवा बर्फात, कडाक्याच्या थंडीत कसरत करत होती. रोज माफक व्यायाम करणाऱ्याला उलट बसून राहणाऱ्यापेक्षा सर्दी कमीच होते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, त्रास टोकाला गेल्यावर सुरू होतो. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांनी मोजलं होतं, रेस पळलेल्यांपैकी १२.९ टक्के लोक पुढच्या आठवड्यात आजारी पडले, आणि तयारी करून पण रेस न पळलेल्यांपैकी फक्त २.२ टक्के. आठवड्याला ९६ किलोमीटरच्या वर पळणाऱ्यांना ३२ पेक्षा कमी पळणाऱ्यांच्या दुप्पट त्रास.

तुम्ही फुल मॅरेथॉनच्या शेवटच्या मोठ्या आठवड्यांत असाल, अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांबची रेस करत असाल, सलग तीन-चार दिवस सायकलवर लांब जाणार असाल, किंवा हिवाळ्यात हिमालयात ट्रेकला निघाला असाल तर हो, तुम्ही त्या गटाच्या जवळ जाता. रविवारी चामरलेणीची टेकडी चढून येणं त्यात बसत नाही.

म्हणजे ताणवाल्यांसाठी हे पक्कं सिद्ध झालंय?

मी पक्कं म्हणणार नाही. ५९८ माणसं म्हणजे फार नाहीत आणि कॉम्रेड्सच्या तीनही चाचण्या एकाच रेसवरच्या. उलट बाजूचेही अभ्यास आहेत. १९७९ मध्ये अमेरिकेच्या मरीन रिक्रूट्सवर चाचणी झाली, ६७४ जवान, रोज २ ग्रॅम, आठ आठवडे, आणि सर्दीच्या संख्येत काही फरक नाही. हीसुद्धा दणकून कसरत करणारीच पोरं होती. २०११ मध्ये इस्राईलच्या किशोरवयीन स्विमर्सना रोज १ ग्रॅम दिलं, सर्दी तेवढीच झाली, फक्त मुलांची लवकर बरी झाली, मुलींची नाही. त्यामुळे माझं मत असं की थोड्या दिवसांचा प्रचंड ताण, त्यात थंडी, अशा वेळी उपयोग होण्याची बरीच शक्यता आहे, गोळी स्वस्त आहे, माफक डोसमध्ये धोका कमी आहे, तर तेवढ्यापुरती घेऊन बघायला हरकत नाही. वर्षभर नाही.

किती घ्यायचं आणि कधीपासून?

रेसच्या आदल्या रात्री चार गोळ्या चघळून काही होत नाही. कॉम्रेड्सवाल्यांनी तीन आठवडे आधीपासून घेतलं होतं. मी ग्रुपमध्ये सांगतो ते असं, मोठ्या रेसच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, रेसनंतर आठवडा-दोन आठवडे चालू ठेवा, मग बंद. डोस २५० ते ५०० मिलिग्रॅम पुरे, मेडिकलवर मिळणारी साधी चघळायची गोळी ५०० ची असते, अर्धी सकाळी अर्धी रात्री.

जास्त घेऊन जास्त फायदा होत नाही याला कारण आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये मार्क लेव्हिन यांच्या टीमने निरोगी तरुणांना वेगवेगळे डोस देऊन रक्त तपासलं, दिवसाला २०० च्या आसपास गेलं की रक्तातली पातळी जवळपास वरच्या टोकाला टेकते, पुढे फारशी वाढत नाही. २०० मिलिग्रॅम एकदम घेतलं तर जवळपास सगळं शोषलं जातं, हजाराच्या वर घेतलं तर निम्म्याहून कमी, आणि जे जातं त्यातलंही बरंच लघवीवाटे बाहेर.

नाक गळायला लागल्यावर गोळी सुरू केली तर?

उशीर झाला. लक्षणं सुरू झाल्यावर दिलेल्या चाचण्यांमध्ये सर्दीचे दिवस किंवा जोर सातत्याने कमी झालेला दिसला नाही. आणि आपण नेमकं हेच करतो, शिंक आली की पट्टी काढतो.

गोळी नको, खाण्यातून होईल का?

होईल, आणि मला विचाराल तर हाच रस्ता आधी धरा. आपल्याकडची रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५. एका पेरूत, म्हणजे १०० ग्रॅमचा धरला तरी, २०० च्या वर सी असतं. एक पेरू! मीठ-तिखट लावून गाडीवर मिळतो तोच. आवळाही तेवढाच तगडा. ढोबळी मिरची आणि शेवग्याचा पाला पण चांगले, फक्त शिजवताना बराच भाग जातो, म्हणून मिरची कच्ची कोशिंबिरीत टाका, पाला कमीत कमी परता. पेरूतलं सी आणि गोळीतलं सी शरीराला सारखंच. वर पेरूतून फायबर आणि पोटॅशियम मिळतं ते वेगळं.

मी स्वतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज एक पेरू आणि एक कच्चा आवळा खातो, लांब रनच्या दिवशी दोन पेरू. माझ्या बाबतीत गोळीची गरजच उरलेली नाही.

आपल्याकडे द्राक्षं एवढी, रोज पाव किलो खातो. चालेल ना?

खा, पण सी साठी नको. हे पिंपळगावच्या, ओझरच्या मित्रांना सांगताना मला वाईट वाटतं, पण द्राक्षात व्हिटॅमिन सी अगदी कमी, १०० ग्रॅमला चार-पाच मिलिग्रॅमच्या आसपास. लांब राईडनंतर पटकन साखर भरून काढायला द्राक्षं मस्त, मनुका तर खिशात ठेवून पळता येतात. डाळिंबातही फार नाही. सी हवं तर पेरू, आवळा, संत्रं, मोसंबी.

राईडनंतर मिसळीवर लिंबू पिळतो ते?

अर्ध्या लिंबातून साधारण दहा मिलिग्रॅम मिळतं, त्यामुळे सर्दीच्या हिशोबात ते किरकोळ. पण त्याचा दुसरा मोठा फायदा आहे, मटकीतलं लोह अंगी लागायला सी मदत करतं. पळणाऱ्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी असण्याचा त्रास मी खूप बघितलाय, दम लागतो, टाइम वाढतो, आणि घरचे म्हणतात पळणं सोड. त्यांनी पोह्यांवर, उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळायचंच, आणि जेवणानंतर लगेच चहा टाळायचा, तो लोह शोषू देत नाही.

वर्षभर रोज १००० मिलिग्रॅम घेतलं तर काय बिघडतं?

इथे जरा थांबून वाचा, कारण हे फार कमी लोक सांगतात. व्यायामाने शरीरात जो ऑक्सिडेशनचा ताण येतो तो सगळाच वाईट नसतो, त्या ताणाच्या सिग्नलमुळेच स्नायू ठरवतात की आता आपल्याला अजून मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, बनवायला पाहिजेत, अजून तग धरायला पाहिजे. बाहेरून मोठ्या डोसमध्ये अँटिऑक्सिडंट, म्हणजे सीसारखं ऑक्सिडेशन थोपवणारं काही, ओतलं की तो सिग्नलच दबू शकतो. २००८ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी सीचा मोठा डोस देऊन उंदरांच्या स्नायूंत ट्रेनिंगमुळे मायटोकाँड्रियात होणारी वाढ अडते असं दाखवलं. २००९ मध्ये मायकल रिस्टो यांच्या टीमने १००० मिलिग्रॅम सी आणि सोबत व्हिटॅमिन ई दिलं, तर व्यायामामुळे इन्सुलिन नीट काम करायला लागतं तो फायदाच दिसेना. २०१४ मध्ये नॉर्वेत ११ आठवड्यांचा अभ्यास झाला, सी आणि ई घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियाच्या खुणा कमी वाढल्या, पण दमाची कमाल क्षमता मात्र दोन्ही गटांत सारखीच सुधारली, तेव्हा लगेच घाबरून जायचं कारण नाही. तरी मला हे पटतं की पायाभरणीच्या महिन्यांत, जून ते ऑक्टोबर, गोळीला हात लावू नये. मेहनत करायची पहाटे उठून आणि तिचा परिणाम गोळीने पुसायचा, कशाला.

साइड इफेक्ट?

मोठ्या माणसाला दिवसाची वरची मर्यादा २००० मिलिग्रॅम धरतात, पण पोट त्याच्या आधीच बोलतं, जुलाब, मुरडा, ॲसिडिटी. मी स्वतः पहिल्या फुल मॅरेथॉनच्या आधीचे तीन दिवस कोणाच्या तरी सांगण्यावरून रोज चार-चार गोळ्या घेतल्या आणि रेसच्या आदल्या दिवशी दिवसभर पोट बिघडलेलं. सहा महिन्यांची तयारी होती. दुसऱ्या दिवशी २६ व्या किलोमीटरला पाय पूर्ण संपले, मी रेस सोडली, आणि ते दुःख अजून आहे, म्हणून कळकळीने सांगतो.

दुसरं, मुतखडा. स्वीडनमध्ये पुरुषांचा मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला, सीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये खड्याचं प्रमाण जवळपास दुप्पट. आपल्याकडे मार्च ते मे पळणारा माणूस घामाने आधीच कोरडा झालेला असतो, लघवी घट्ट, त्यात हे. ज्याला एकदा खडा झालाय, किडनीचा कुठलाही त्रास आहे किंवा जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही. आणि गोळी चघळत बसल्याने दातांवर आंबटाचा थर राहतो, नंतर चूळ भरा.

पोलीस भरतीची तयारी करतोय, ग्राउंडवरचे सर सगळ्यांना गोळ्या देतात. घेऊ का?

सरांचा हेतू चांगलाच असेल. पण १६०० मीटर काढायचं, मुलींनी ८०० काढायचं, तर त्याला ही गोळी काही सेकंद कमी करून देत नाही. तुमचा प्रश्न वेगळाय. तुम्ही पोरं गावाकडून येता, एका खोलीत चार-पाच जण राहता, मेसचा डबा म्हणजे बटाटा, डाळ, भात, पोळी, फळ महिनोन्महिने पोटात नाही. तुमचं मुळातच सी कमी पडत असू शकतं, आणि ते भरून काढल्याने खरंच फरक पडेल. चार जणांनी पैसे काढून आठवड्याला दोन किलो पेरू आणा, आवळ्याच्या दिवसांत आवळे आणा, कोथिंबीर, टोमॅटो, लिंबू डब्यात टाका. तंबाखू-सिगारेट असेल तर सोडा, सिगारेट ओढणाऱ्याला रोज साधारण ३५ मिलिग्रॅम सी जास्तच लागतं.

आणि एका खोलीत एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होते. पाण्याची बाटली आणि टॉवेल वेगळे ठेवा, हात साबणाने धुवा, खिडकी उघडी ठेवा.

हल्ली व्हिटॅमिन सीची सलाईन लावून देतात, रेसच्या आधी घेऊ का?

नका घेऊ. सर्दी टळते याला आधार नाही, आणि स्पर्धेत उतरणाऱ्यासाठी तर ती थेट डोपिंगची भानगड होऊ शकते. व्हिटॅमिन सी स्वतः बंदी असलेलं नाही, पण वाडा (WADA) या डोपिंगवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या नियमाप्रमाणे १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून घेणं बंद आहे, हॉस्पिटलमधले उपचार वगैरे मोजके अपवाद सोडून. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलांच्या आई-बाबांनी हे लक्षात ठेवा.

मला दर रविवारच्या लांब रननंतर सर्दी होते. माझी इम्युनिटी कमी आहे का?

कदाचित ती सर्दीच नसेल. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळाडूंच्या अशा आजारपणांचे नमुने तपासले, ३७ पैकी फक्त ११ वेळा जंतू सापडला. बाकीच्या वेळी घसा धरलेला, नाक वाहतंय, पण इन्फेक्शनचा पत्ता नाही. कोरडी गार हवा, धूळ, अ‍ॅलर्जी यांनी पण अगदी तसंच होतं. आपल्याकडे हिवाळ्यात शेकोट्यांचा धूर, रस्त्याच्या कामांची धूळ, आणि बागांच्या बाजूने पळालात तर फवारणी. रन संपल्यावर दोन-चार तासांत सुरू होऊन दुसऱ्या दिवशी गायब होत असेल, अंगात कणकण नसेल, डोळे-नाक खाजत असेल, तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा. नाका-तोंडावर पातळ बफ (गळ्यात घालायचा कापडी पट्टा) ओढून पळा, हवा जरा गरम आणि ओलसर होऊन आत जाते. माझ्या एका मैत्रिणीने दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या आणि शेवटी निघाला दमा, इनहेलर लागला आणि आता ती आमच्यातली सगळ्यात नियमित पळणारी आहे.

सर्दी टाळायला गोळीपेक्षा जास्त उपयोगाचं काय?

झोप. २०१५ च्या एका अभ्यासात १६४ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा व्हायरस सोडला होता. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे साडेचारचा गजर, हे ज्यांचं चालतं त्यांनी आधी ते बघा. दीड तासाच्या वरच्या रनमध्ये सोबत काहीतरी खा, केळं, खजूर, गुळाची चिक्की, उपाशीपोटी लांब पळालं की कॉर्टिसोल अजून चढतं. आणि रन संपल्यावर ओल्या टी-शर्टवर गप्पा मारत उभं राहू नका, आधी कपडे बदला.

लहान मुलाला द्यायची का? पोरगी स्विमिंगला जाते.

पेरू द्या, संत्रं द्या. मोठ्यांची ५०० ची गोळी चॉकलेटसारखी लागते म्हणून मुलं मागतात, डबा उंचावर ठेवा. सारखी सर्दी होत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

सर्दी असताना पळू का?

त्रास मानेच्या वर असेल, नुसतं नाक, थोडा घसा, तर हळू, अर्धं अंतर. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, आराम करताना पण नाडी नेहमीपेक्षा जास्त, यातलं काहीही असेल तर अजिबात नाही. व्हायरल तापात जोरात पळाल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्यात जीव गेलेली तरुण माणसं आहेत. ताप उतरल्यावरही दोन-तीन दिवस थांबा, मग चालण्यापासून सुरू करा.

रविवारी रेस आहे, आज गुरुवार, नाक गळतंय. काय करू?

आज आणि उद्या पळू नका. गरम पाणी, सूप, वाफ, मिठाच्या गुळण्या, रात्री दहाला अंथरुणात. नवीन गोळी, काढा, पावडर काहीही पोटात टाकू नका, तीन दिवसांत पोट बिघडलं तर दुहेरी मार. शनिवारी सकाळी २० मिनिटं हळू पळून बघा. ताप नाही, छाती मोकळी, पायात जीव आहे, तर रविवारी उभे राहा पण टाइम विसरून. अंगात कणकण असेल तर बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) घरी ठेवा आणि मला फोन करा, पुढच्या रेसचं प्लॅनिंग आपण सोमवारी बसून करू.